निळ्या हातांची अक्का

कुणाच्याही घरात पाऊल टाकण्याआधी ती उंबऱ्याशी थांबायची आणि दोन्ही हात पुढे करून दाखवायची. आधी तळवे, मग पालथे. "रंग वाळेल शे, डाग पडाव नही," असं म्हणायची आणि मगच आत यायची. हात कोपरापर्यंत निळे. नखं तर जांभळाच्या बियांसारखी. तो रंग कधी ओला नसायचा, आणि कुणाच्या घरी डाग पडल्याचं मी ऐकलं नाही. पण हात दाखवल्याशिवाय ती उंबरा ओलांडायची नाही.

धुळ्यात पांझरेच्या काठी रंगाऱ्यांची पाच-सहा घरं होती, त्यातलं शेवटचं तिचं. आमच्या घराची मागची खिडकी तिच्या अंगणात उघडायची. अंगणात निळीचे चार रांजण अर्धे जमिनीत पुरलेले. नवरा होता, पण दम्यानं बसून असायचा. रंगाचं काम हीच बघायची. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची, मीही. तिचं नाव मला ठाऊक नव्हतं आणि विचारावंसं कधी वाटलं नाही, याची आता लाज वाटते.

तिच्याबद्दल सांगायचं तर थोडं माझ्याबद्दल सांगावं लागेल. आमच्या घराण्यात बी. एस्सी. झालेला मी पहिला. यावलकडच्या आमच्या खेड्यात त्याआधी कुणी मॅट्रिकही झालं नव्हतं. हे मी कुणी न विचारता सांगतो, पूर्वी तर फारच सांगायचो. धुळ्याच्या शाळेत मला सायन्स मास्तरची नोकरी लागली. पदवीच्या समारंभासाठी पुण्यात शिवलेला काळा कोट मी खुंटीवर दारासमोरच टांगून ठेवायचो, म्हणजे येणाऱ्याला आधी कोट दिसावा.

अक्कानं पहिल्याच दिवशी तो पाहिला, बोटांनी नव्हे, नुसत्या डोळ्यांनी चाचपला आणि म्हणाली, "काया रंग कच्चा शे. तीन धुन्यात उतरी." काळा रंग कच्चा आहे म्हणे. पुण्याच्या शिंप्यानं पक्का म्हणून दिला होता. मी तिला रंगाचं रसायनशास्त्र सांगायला लागलो. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "हा मास्तर, तसंच व्हई," आणि हसत निघून गेली. कोट, तुम्हाला म्हणून सांगतो, तिसऱ्या धुण्यातच तपकिरी झाला.

तिच्याकडे मांजरं फार. सुताला खळ लावलेली असते, ती उंदरांना आवडते, म्हणून प्रत्येक रंगाऱ्याकडे मांजर असतंच. पण अक्काची मांजरं वेगळी ओळखू यायची, कारण ती म्हातारी होईपर्यंत जगायची. दुसऱ्या घरांतली मांजरं सोड्याच्या नाहीतर चुन्याच्या पाण्यात पडून दोन-तीन वर्षांत जायची. अक्का दर संध्याकाळी चारही रांजणांवर लाकडी झाकणं टाकायची आणि प्रत्येक झाकणावर दगड. शेजारच्या रंगाऱ्यानं एकदा टोमणा मारला, की अक्का, चोर काय निळीचं पाणी न्यायला येणार? ती म्हणाली, "चोरले पोहता येस. मांजरले नही येत."

दुसऱ्या वर्षी मी आईला धुळ्याला आणलं. वडील गेल्यावर ती खेड्यात एकटीच होती. थोरल्या भावाचं आणि तिचं पटत नव्हतं. तरी ती यायला तयार नव्हती, शहरात माझं कोण आहे म्हणायची. शेवटी एका अटीवर आली, बोंडी बरोबर येणार. बोंडी म्हणजे तिची मांजर. उकललेल्या कापसाच्या बोंडासारखी पांढरी, म्हणून बोंडी. बांबूच्या टोपल्यात घालून, वर लुगड्याचं धडपं बांधून ती भुसावळहून निघाली. चाळीसगावला गाडी बदलताना हमालानं टोपल्याला हात लावला, तर टोपलं गुरगुरलं. हमाल मागे सरला तो परत आलाच नाही. सामान सगळं मी वाहिलं.

पहिले दोन महिने आई धुळ्यात कुणाशी बोलली असेल तर बोंडीशी. मी शाळेतून यायचो तेव्हा स्वयंपाकघरातून तिचा आवाज यायचा. आत कुणी दुसरं नसायचं. मग बोंडी मागच्या खिडकीतून अक्काच्या अंगणात जायला लागली, आणि तिला हाका मारता मारता आईची आणि अक्काची ओळख झाली. दोघींची बोली वेगळी, एकीची यावलकडची, दुसरीची अहिराणी. एकमेकींचे निम्मे शब्द त्यांना कळत नसावेत. तरी दुपारभर बोलायच्या.

आमच्या घराचा पुढचा भाग फरशीचा होता, स्वयंपाकघर मातीचं. आई ते रोज शेणानं सारवायची. मला ते खुपायला लागलं. शाळेत मी पोरांना जंतू शिकवायचो आणि घरी शेण. पोळ्याच्या दोन दिवस आधी मी बाजारातून काळ्या फिनेलची मोठी बाटली आणली आणि आईला सांगितलं, शेण बंद, उद्यापासून हे. एवढंच सांगितलं. किती पाण्यात किती टाकायचं ते सांगितलं नाही. बाटलीवर छापलं होतं, आणि आईला वाचता येत नाही हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं नाही म्हणतो, पण आपल्या आईला वाचता येत नाही हे विसरायला माणूस बराच शिकलेला असावा लागतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळची शाळा होती. मी अकराच्या सुमारास घरी आलो तर उग्र वास दारातच. आईनं मधला मार्ग काढला होता. शेण सोडवेना आणि मुलाचा शब्द मोडवेना, म्हणून तिनं शेणकाल्यातच फिनेल ओतलं होतं. सणाचं सारवण, म्हणून अंमळ जास्तच. बाटली निम्मी रिकामी.

आणि बोंडीला जुनी सवय होती. सारवण अर्धवट वाळलं, चुलीची ऊब लागली की ती त्यावर लोळायची. खेड्यात कुणी तिला हाकललं नव्हतं.

मी आत गेलो तेव्हा पोट, चारही पाय आणि एक कान काळपट हिरवे झालेले, आणि ती जीव खाऊन स्वतःला चाटत होती. चाटायची, तोंडातून फेस गाळायची, मान झटकायची आणि पुन्हा चाटायची. मागचे पाय थरथरत होते. आई हातात दुधाची वाटी घेऊन तिच्याभोवती फिरत होती.

मला पुस्तक आठवलं. विष पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढावी. मी मिठाचा डबा काढला. शेजारून एक बाई आल्या, त्यांनी घासलेटच्या चिंधीनं पुसायला सांगितलं. डांबराला घासलेट लागतं म्हणे. त्या चिंधी आणायला गेल्याही.

आई मात्र एकच बोलत होती. "माह्या हातानं झालं रे. मांजर मारलं तं सोन्याचं मांजर काशीले द्या लागते. कुठून देऊ?" मग एकदम शांत झाली आणि म्हणाली, बोंडी गेली तर मी उद्याच्या गाडीनं परत जाईन. या हातचं पाणीसुद्धा तुला देणार नाही.

आई पोकळ बोलत नसे. तेव्हा मला कळलं की मी मिठाच्या डब्यापाशी नुसता उभा आहे.

तेवढ्यात अक्का आली. आईची हाक खिडकीतून तिच्या अंगणात गेली असावी. ती हात न दाखवता आत आली, आयुष्यात एकदाच. हात निथळत होते. स्वयंपाकघराची चौकट धरून वाकून तिनं बोंडीकडे एक क्षण पाहिलं.

"दूध नको. मीठ बी नको," ती म्हणाली. "पह्यले तिनी जीभ."

मी म्हणालो, पुस्तकात ओकारी काढायला सांगितलंय.

"पुस्तक तुमी वाचं, मास्तर. मांजरनी नही वाचं." तिनं इकडेतिकडे पाहिलं. जाड कापड जवळ एकच होतं. खुंटीवरचा कोट. माझ्याकडे न पाहताच तिनं आईला खूण केली, आईनं तो ओढून काढला आणि बोंडीवर टाकला. आईनं दोन्ही बाह्या घेऊन करकचून गाठ मारली आणि बोंडीचं फक्त डोकं बाहेर राहिलं. पदवीच्या समारंभात माझं डोकं जसं बाहेर होतं तसंच. चाटणं थांबलं. ओरडणं सुरू झालं, पण ओरडण्यानं कुणी मरत नाही.

मला वाटलं आता ही धुवायला घेणार. तर अक्का वळून मोरीकडे गेली आणि स्वतःचे हात धुवायला लागली. साबण लावून, नखांतून, कोपरापर्यंत. मी घाई करा म्हणालो. थोडं ओरडलोच. ती मान न वळवता म्हणाली, "मना हातवर सोडा शे. तो बी ती चाटी." आणि पुन्हा साबण लावला.

आरडाओरड्यानं एव्हाना घरात बरेच लोक जमले होते, त्यांतले निम्मे शिकलेले. आपल्या हातावर काय आहे हे पाहायचं एकीलाच सुचलं.

मग सगळं एका शिस्तीत झालं. घासलेटची चिंधी घेऊन आलेल्या बाईंना तिनं दारातूनच परत पाठवलं, एका विषावर दुसरं विष नको म्हणून. सारवणाची खोली बंद केली, पुढच्या खोलीची दारं-खिडक्या सताड उघडल्या. पाणी कोमट हवं. आईनं कढत आणलं तर ते परत केलं, कढत पाण्यानं कातडी उघडते आणि आत घेते म्हणाली. साबण साधा, अंगाचा. कोटाची एक कड सोडायची, एक पाय बाहेर काढायचा, साबणानं चोळून वरून पाणी सोडायचं, पाणी खाली वाहून जाऊ द्यायचं, घंगाळात साठू द्यायचं नाही. तो पाय पुसून आत, मग दुसरा पाय. पोट सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत जास्त वेळ. तोंडाचा फेस ओल्या फडक्यानं बाहेरच्या बाजूला पुसायचा. पाणी ओतायचं काम माझं होतं. दर वेळी ती धुतलेला भाग नाकाला लावून वास घ्यायची आणि "आखो" म्हणायची. आखो म्हणजे आणखी. तीनदा धुवून झालं तेव्हा कुठे ती "हां" म्हणाली.

धुता धुता ती आईशी बोलत होती, माझ्याशी नाही. लग्न होऊन आली त्या वर्षी तिचं पहिलं मांजर सोड्याच्या पाण्यात पडलं. ओढून काढलं, दूध पाजलं, उन्हात ठेवलं. मांजर स्वतःला चाटून चाटून स्वच्छ करत बसलं, आणि ही कौतुकानं बघत बसली, की किती शहाणं आहे, आपलं आपण साफ करतंय. दिवस मावळायच्या आत गेलं. "तिना आंगवर जे व्हतं ते बठ्ठं ती पोटमा ली गयी," अक्का म्हणाली. "मी मारी, माय. तुमी नही मारी." हे शेवटचं ती आईच्या डोळ्यांत बघून म्हणाली. आई तिथेच पहिल्यांदा रडली.

बोंडीला कोरडं करून सुक्या लुगड्यात गुंडाळलं. आता बरी होईल ना, असं मी विचारलं. दुसरी कुणी असती तर हो म्हणाली असती. अक्का म्हणाली, धुणं मला येतं, पोटात गेलेलं मला दिसत नाही. गुरांच्या डाक्तरकडे न्या. मी निघालो तर मागून हाक, "शिशी संगे ल्या." बाटली बरोबर न्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गुरांच्या दवाखान्यात काय गर्दी असते ते खानदेशातल्या वाचकाला सांगायला नको. उद्या मिरवायचे बैल, कुणाच्या खांद्याला सूज, कुणाच्या खुरात खडा. त्या शिंगांच्या रांगेत मी काखेत लुगड्याचं गाठोडं आणि हातात फिनेलची बाटली घेऊन उभा. एका शेतकऱ्यानं विचारलं, मास्तर, बैल केवढा आहे? गाठोड्यातून बोंडीनं उत्तर दिलं आणि सगळे हसले, पण मला पुढे जाऊ दिलं.

डॉक्टरांनी आधी बाटली पाहिली. मांजरांना हे कुत्र्यांपेक्षाही जास्त बाधतं, त्यांच्या पोटाला ते पचवता येत नाही, ते म्हणाले. मग विचारलं, काय काय केलंत? मी सांगितलं. मिठाचं पाणी पाजलं का? नाही म्हणालो. "बरं केलंत. हे गिळताना घसा जाळतं आणि वर येताना पुन्हा जाळतं. धुतलं कुणी?"

एका शेजारणीनं, मी म्हणालो.

"नर्स आहे का?"

"रंगारीण आहे."

त्यांनी हिरड्या पाहिल्या, पोट दाबलं, छातीला कान लावला. थोडंच गेलेलं दिसतं, म्हणाले. ऊब द्या, आज नजरेआड होऊ देऊ नका, आचके आले किंवा श्वास लागला तर लगेच आणा. जाताना त्यांनी बाटली हातात देऊन सहज विचारलं, किती पाण्यात किती टाकलं होतं?

त्या प्रश्नाचं उत्तर मी वाटभर शोधत आलो. घरी आई पुढच्या खोलीत बसली होती. शेजारी तिचं गाठोडं बांधून तयार होतं, वर ते रिकामं टोपलं. अक्का तिच्याजवळ बसून सुपारी कातरत होती. मी बोंडीला आईच्या मांडीवर ठेवलं आणि डॉक्टरांचं सगळं सांगितलं. मग म्हणालो, "आई, प्रमाण मी सांगितलं नव्हतं. चूक माझी आहे."

आई म्हणाली, "तू आणलेलं औषध. कंजुषी कशी करू?"

निम्मी बाटली कुठे गेली ते मला तेव्हा कळलं. मी बी. एस्सी.ला जे शिकलो त्यात याला कुठे जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी पोळा. सकाळी गल्लीतून बैलांच्या घंटा वाजत होत्या. अक्का पुरणाची वाटी घेऊन आली. उंबऱ्याशी थांबली, हात दाखवले, आत आली. आम्ही तिघं बसलेलो असताना बोंडी लुगड्यातून बाहेर आली, आळस दिला आणि पुढचा पाय उचलून चाटायला लागली.

मी आणि आई एकदम उठलो. मी तर कोटाकडे धावलो.

अक्कानं आम्हाला हातानं थांबवलं. बोंडीला उचललं, पोट, पाय, कान, सगळं नाकाला लावून पुरता वास घेतला. मग तिला खाली सोडलं.

"चाटू द्या," ती म्हणाली. "आते ते तिनंच शे." आता अंगावर जे आहे ते तिचं स्वतःचंच.

मांजराचं स्वतःला चाटणं आम्ही किती वेळ बघत बसलो कोण जाणे. मिरवणूक निघून गेली, मला ती पाहायचीही आठवण राहिली नाही. आईनं गाठोडं सोडलं. त्या दिवसानंतर ते पुन्हा बांधलेलं मी पाहिलं नाही. स्वयंपाकघर पुन्हा शेणानं सारवलं जायला लागलं आणि मी त्यावर एक शब्द बोललो नाही.

फिनेलची उरलेली बाटली अक्कानं वरच्या कोनाड्यात ठेवायला लावली आणि तिच्या गळ्याला लाल चिंधी बांधली. तिच्या घरी सोड्याच्या, तेजाबाच्या सगळ्या बरण्यांना तशा चिंध्या होत्या. वाचता येत नाही त्याला लाल कळतं, आणि घाईत असलेल्या शिकलेल्यालाही कळतं. मी शाळेच्या प्रयोगशाळेत तेच सुरू केलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, नावाच्या चिठ्ठ्या असताना या चिंध्या कशाला? मी म्हणालो, चिठ्ठ्या मुलांसाठी आहेत, चिंध्या शिपायासाठी आणि माझ्यासाठी. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय ते मला कधी कळलं नाही.

कोट अक्कानं धुऊन आणून दिला. ते त्याचं तिसरं धुणं, काळ्याचा तपकिरी तेव्हाच झाला. अस्तरात बोंडीच्या नखांच्या चार रेघा आहेत, त्या मी शिवून घेतल्या नाहीत. आणि स्वयंपाकघराच्या पांढऱ्या चौकटीवर त्या दिवशी ओल्या हाताची चार निळी बोटं उमटली होती. दर दिवाळीला रंगवायला येणाऱ्या माणसाला आई तेवढी जागा सोडायला लावायची.

गिरणीत रंगवलेलं सूत बाजारात आलं तशी नदीकाठची घरं एकेक करून बंद झाली. अक्काचा नवरा गेला, आणि दोन वर्षांनी तिनंही रांजण उपडे घातले. मुलगी पहूरला दिली होती, तिच्याकडे निघाली. आईनं तिला बोंडीच्या शेवटच्या वेतातलं एक पिल्लू दिलं, तेही पांढरं, आणि ज्या टोपल्यातून बोंडी धुळ्याला आली होती तेच टोपलं.

स्टेशनवर मी आणि आई गेलो होतो. डब्यात बसायच्या आधी आईनं तिचे हात हातात घेतले. तोपर्यंत ते बरेच निवळले होते. तळवे माणसांच्या तळव्यांसारखे झाले होते, फक्त नखांच्या कडांना निळं राहिलं होतं. टोपल्यातलं पिल्लू तेवढं बोलत होतं.

गाडी हलली. अक्का खिडकीतून बाहेर वाकली. मला वाटलं ती निरोपाचा हात हलवणार. तिनं दोन्ही हात बाहेर काढले आणि आम्हाला दाखवले. आधी तळवे, मग पालथे.